वीस साखळ्यांतले चार आणे: हद्दबस्ताच्या एका फायलीचा अभ्यास

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात भाताचं रान. सर्व्हे नंबर (रि.स.नं.) ८४, आकारबंदाप्रमाणे, म्हणजे क्षेत्र आणि आकारणीच्या सरकारी नोंदीप्रमाणे, क्षेत्र ४ एकर २० गुंठे. पूर्वेला ८५ नंबर. दोहोंमधला बांध ८५ वाल्याने ट्रॅक्टरच्या फाळाने दरवर्षी थोडा थोडा कोरला, अशी ८४ वाल्याची तक्रार. त्याने हद्दबस्तासाठी, म्हणजे सरकारी मोजणीने हद्द दाखवून घेण्यासाठी, अर्ज केला, मोजणी झाली, नकाशा हातात आला. नकाशात उलटंच निघालं. पूर्वेचा बांध उत्तरेच्या टोकाला साडेअकरा फूट ८५ मध्ये घुसलेला दाखवला होता. तक्रार करणाराच अतिक्रमण करणारा ठरला.

इथला नंबर आणि मापं हिशेब उघड दिसावा म्हणून बेतलेली आहेत. चुकीचा प्रकार मात्र नेहमीचा आहे, आणि ती चूक त्या फायलीतल्या कागदांवरूनच धरता येत होती. शेतात पुन्हा पाऊल न टाकता कितपत धरता येते आणि कुठून पुढे पहार-टिकाव घेऊन जावंच लागतं, ते पाहू.

आधी टिपण

हद्दबस्त म्हणजे नवी हद्द ठरवणं नव्हे. मूळ मोजणीच्या वेळी कागदावर जी हद्द नोंदली, तीच जमिनीवर पुन्हा उतरवून दाखवणं. महाराष्ट्रात याला हद्द कायम मोजणी म्हणतात आणि अर्जदाराला ‘क’ प्रत मिळते. चंदगड तालुक्यातही जमीन असलेल्या बेळगावकराला दोन्ही कागद ओळखीचे असतात. फरक एवढाच की तिकडे हेक्टर-आर आणि बऱ्याच गावांत गट नंबर, इकडे अजून एकर-गुंठे आणि सर्व्हे नंबर.

टिपण म्हणजे मूळ मोजणीची मापं लिहिलेला एकेका नंबराचा कच्चा नकाशा. त्याची पद्धत मुंबई इलाख्याची. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापुरात सुरू केलेल्या मोजणीचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले आणि तीच रीत बेळगावात आली. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. खातं बदललं, कचेरीची भाषा बदलली, टिपणं तीच राहिली. म्हणून आजही तालुक्याच्या भूमापन कचेरीतून, म्हणजे एडीएलआरकडून (भूमी अभिलेखांचे सहायक संचालक), नक्कल काढली की साखळी आणि आणेच समोर येतात. काही गावांच्या जुन्या कागदांवर मोडी, त्यावर नंतरच्या कानडी नोंदी, अशी सरमिसळ असते.

साखळी ३३ फुटांची, आणे सोळा. एक आणा म्हणजे २ फूट पाऊण इंच. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा १०८९ चौरस फुटांचा, तोच एक गुंठा. त्यामुळे साखळ्यांना साखळ्यांनी गुणलं की उत्तर थेट गुंठ्यांत येतं. या सोयीमुळे कोणताही शेतकरी वहीच्या पानावर टिपण तपासू शकतो, पण तपासतात फार थोडे.

८४ चं टिपण चार कोपऱ्यांचं. नैर्ऋत्येचा कोपरा अ, आग्नेयेचा ब, ईशान्येचा क, वायव्येचा ड. अ पासून क पर्यंत तिरपी मूळ रेघ, २० साखळ्या. अ पासून ७ साखळ्यांवर डाव्या हाताला ८ साखळ्यांचा लंब, तो ड वर पोचतो. १३ साखळ्यांवर उजव्या हाताला १० साखळ्यांचा लंब, तो ब वर पोचतो. शंकू उभा करून काटकोन काढायचा आणि साखळी टाकायची, एवढंच त्या काळचं साहित्य.

गुणाकार असा: २० गुणिले ८ चे निम्मे ८०, २० गुणिले १० चे निम्मे १००, मिळून १८० गुंठे. ४ एकर २० गुंठे. आकारबंदाशी जुळलं. खराबा वेगळा लिहिलेला असतो, तो या एकूण क्षेत्राच्या पोटातच असतो. ‘अ’ खराबा कब्जेदाराचाच, पण लागवडीलायक नसलेला. ‘ब’ खराबा रस्ता, नाला अशा सार्वजनिक कामाचा. हद्दीच्या भांडणात पुष्कळ वेळा एक जण खराब्यासकट क्षेत्र सांगतो, दुसरा खराबा वजा करून, आणि दोघेही आपापल्या उताऱ्यावर बोट ठेवतात.

टिपणावर बांधांची मापंही होती. दक्षिण बाजू १६ साखळ्या ६ आणे, पूर्व १२-३, उत्तर १५-४, पश्चिम १०-१०. क्षेत्र काढायला यांची गरज नाही, त्याला मूळ रेघ आणि लंब पुरतात. ही मापं पडताळ्याची.

इथेच एक खड्डा आहे. १०-१० हे दहा साखळ्या दहा आणे आहेत, १०.१० नव्हेत. दशांश समजून घेतलं तर अर्ध्या साखळीहून जास्त, सतरा फुटांचा फरक पडतो. संगणकावर माप चढवताना मधली आडवी रेघ टिंब होऊन जाते, आणि मग कुणाच्या तरी लक्षात येईतो दगड रोवून झालेले असतात. घाईत लिहिलेले कानडी सहा आणि नऊ हे अंकही असेच फसवतात. नक्कल घेतल्यावर गुणाकार करून आकारबंदाशी ताडला की मूळ रेघेतल्या किंवा लंबांतल्या अशा चुका बहुधा लगेच उघड्या पडतात, बाजूंच्या मापांतल्या वर्गमूळ काढून. या फायलीत ती भानगड नव्हती.

पहिल्या फायलीत काय होतं

मोजणीच्या अर्जांसाठीच्या ‘मोजिणी’ या सरकारी संगणक प्रणालीतून अर्ज, फी भरल्याची पावती, चालू पहाणी उतारा (तिकडच्या सातबारासारखा), ८४ च्या टिपणाची आणि आकारबंदाची प्रत, नोटीस, जबाब, महजर (पंचनामा) आणि मोजणीचा नकाशा. वर तपासणी करणाऱ्याचा शेरा, ‘क्षेत्र साधारण जुळते’.

काय नव्हतं तेही महत्त्वाचं. ८५ चं टिपण नव्हतं. हद्द दोन नंबरांची असते, म्हणून शेजारच्या नंबराचं टिपण हा त्याच रेघेचा दुसरा साक्षीदार. सर्व्हेअरला अभिलेख कक्षातून मागवता येतं, अर्जदारालाही नकलेसाठी अर्ज करता येतो. बहुतेक अर्जदार फक्त आपल्या नंबराची नक्कल घेतात. जणू भांडण बांधाशी आहे, शेजाऱ्याशी नाही.

नोटिशीच्या पोचेवर एकट्या ८५ वाल्याची सही होती. दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या कब्जेदारांना नोटीस गेल्याची खूण कुठेही नाही. महजरात मात्र ‘चतुःसीमेचे कब्जेदार हजर’ असं छापील वाक्य आणि खाली तिघांच्याच सह्या, अर्जदार, ८५ वाला आणि एक पंच. तक्रार पूर्वेच्या बांधाची, मग इतरांना कशाला त्रास, असा विचार झाला असावा. तो का चुकीचा ठरला ते पुढे येईलच.

मोजणी नोव्हेंबरअखेरची. भात कापून झालेलं, रान ओलं, मसूर नुकताच पेरलेला. अशा वेळी बांधावरचं गवत कंबरेपर्यंत असतं. त्यात दगड शोधायचा म्हणजे जो वर दिसतो तोच सापडतो.

नकाशावर अ आणि क हे दोन दगड ‘जागेवर’ म्हणून दाखवलेले. ब आणि ड ‘दगड नाही’. मूळ रेघेचं प्रत्यक्ष माप १९ साखळ्या १२ आणे. टिपणात २०. चार आणे कमी, म्हणजे ८ फूट ३ इंच. त्यापुढे काहीही स्पष्टीकरण नाही. अ पासून ७ आणि १३ साखळ्यांवर लंब टाकून ड आणि ब ठरवले आणि बाजूंची मापं लिहिली:

दक्षिण (अ–ब): टिपण १६-६, मोजणी १६-६
पश्चिम (अ–ड): टिपण १०-१०, मोजणी १०-१०
पूर्व (ब–क): टिपण १२-३, मोजणी १२-१
उत्तर (ड–क): टिपण १५-४, मोजणी १५-१

पाहणाऱ्याला वाटतं की दोन बाजू तंतोतंत, दोन थोड्या कमी, म्हणजे मोजणी बरीच चांगली. हा भास आहे. ब आणि ड हे बिंदू अ पासूनच माप टाकून ठरवले, तेव्हा अ–ब आणि अ–ड जुळणारच. क चा दगड शेजारच्या गावात असता तरी या दोन बाजू जुळल्या असत्या. आणि उरलेल्या दोन बाजू कमी आल्या त्या केवळ मूळ रेघ चार आणे कमी होती म्हणून. ज्याला पटत नाही त्याने १९-१२ घेऊन वर्गमूळ काढावं, १२-१ आणि १५-१ च येतात. म्हणजे चार बाजूंच्या चार मापांनी नवी माहिती काडीइतकीही दिलेली नाही. सगळ्या तक्त्यात एकच खबर आहे, मूळ रेघ चार आणे कमी भरली.

क्षेत्रही त्याच चार आण्यांचं पिल्लू. १९-१२ ला लंबांच्या बेरजेच्या निम्म्याने, म्हणजे ९ ने गुणलं की १७७ गुंठे १२ आणे. ४ एकर १७ गुंठे १२ आणे. सव्वादोन गुंठे कमी. ‘साधारण जुळते’ हा शेरा यावरच पडला. क्षेत्र हद्दीची तपासणी करू शकत नाही. रान पूर्ण फिरवून ठेवलं तरी क्षेत्र तेवढंच राहतं.

चार आण्यांची कमतरता कुठून येते? कारणं मोजकीच. मूळ मोजणीची साखळी वापराने ताणली गेली असेल तर प्रत्येक नोंदीमागे जमीन जास्त असते, आज मोजलं की माप वाढतं. इथे कमी आलं होतं, म्हणजे हे कारण बाद. जुनी साखळी उंचसखल जमिनीवरून अंथरली असेल तर नोंद जास्त आणि आजचं आडवं माप कमी येऊ शकतं. भाताच्या सपाट खाचरांत हे जवळजवळ संभवत नाही. टिपणाच्या नकलेत अंकच चुकला असेल, तर गुणाकार आकारबंदाशी जुळला नसता, आणि तो जुळतो. राहिलं एक, अ किंवा क यांपैकी एक दगड मूळ जागी नाही.

दगड कोणता, ते सांगणारी खूण

अ की क? हे बाजूंच्या तक्त्यावरून कळत नाही. पण त्याच नकाशावर सर्व्हेअरने तुटक रेघेने वहिवाटीचे बांध काढले होते आणि कोपऱ्यांवर फरक लिहिले होते. हे काम त्याने प्रामाणिकपणे केलं, त्यामुळेच पुढचं सगळं शक्य झालं.

दक्षिणेचा बांध अ पाशी रेघेवर, ब पाशी रेघेच्या बाहेर ६ फूट १० इंच. पश्चिमेचा बांध अ पाशी रेघेवर, ड पाशी रेघेच्या आत ४ फूट ५ इंच. आता लांबी पाहा. अ–ब ५४० फूट, फरक ६ फूट १० इंच. अ–ड ३५० फूट, फरक ४ फूट ५ इंच. दोन्हीकडे दर ७९ फुटांना एक फूट. आणि दिशाही एकच. सर्व्हेअरची रेघ बांधांच्या तुलनेत अ भोवती घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरलेली.

दक्षिणेचा शेजारी आणि पश्चिमेचा शेजारी, दोघांनी वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या औताने, एकाने पुढे आणि एकाने मागे बांध सरकवला आणि तो नेमका एकाच प्रमाणात? असं होत नाही. बांध कोरला जातो तो मधेच कुठे तरी, पोटात, वाकडातिकडा. सरळ रेघेत, एका टोकाला शून्य आणि दुसऱ्या टोकाला सर्वांत जास्त, असा फरक दिसला की बांध नव्हे, मोजणीची रेघ फिरलेली असते. ती अ भोवती फिरली आहे, म्हणजे अ जागेवर आहे आणि दुसरं टोक, क, हललेलं आहे.

रेघ फिरली की तिचा धक्का चारही शेजाऱ्यांना बसतो. पहिल्या नकाशाप्रमाणे दगड रोवले असते तर ८४ वाल्याचे पूर्वेला दोन गुंठ्यांहून जास्त आणि दक्षिणेला सुमारे पावणेदोन गुंठे गेले असते आणि पश्चिमेच्या माणसाचं, ज्याला नोटीसही नव्हती, पाऊण गुंठ्याच्या आसपास ८४ मध्ये आलं असतं. चतुःसीमेच्या सगळ्यांना नोटीस ही म्हणूनच उपचाराची गोष्ट नव्हे.

या टप्प्यावर मोबाइलवर दिशांक उघडून ‘बघा, अ‍ॅपमध्ये हद्द कुठे येते’ म्हणणारा एक जण असतोच. आपण उभे आहोत तो सर्व्हे नंबर कोणता, हे सांगायला दिशांक उत्तम आहे. त्यातली रेघ गावनकाशा संगणकावर चढवून आलेली. तिच्यावरून आठ फुटांचा वाद मिटवणं म्हणजे भिंतीवरच्या घड्याळावर शंभर मीटरची शर्यत मोजणं. रोव्हरचं, म्हणजे उपग्रहांच्या आधारे जागा मोजणाऱ्या यंत्राचं, वेगळं. तो बिंदू दोन-चार सेंटिमीटरपर्यंत अचूक सांगतो. पण जो दगड दाखवाल त्याचाच बिंदू सांगतो. चुकीच्या जागचा दगड रोव्हरने मोजला की चूक अधिक नेटकी होते, बस.

हरकत आणि फेरमोजणी

अर्जदाराने पुन्हा नवा हद्दबस्त अर्ज टाकला नाही. तसं केलं असतं तर तेच टिपण, तोच दिसणारा दगड आणि बहुधा तोच नकाशा. त्याने पहिल्या फायलीतल्या प्रत्येक कागदाची प्रमाणित नक्कल घेतली, सोबत ८५ च्या आणि पश्चिमेकडच्या ८३ च्या टिपणाची. मग एडीएलआरकडे लेखी हरकत दिली. त्यात ‘अन्याय झाला’ वगैरे एकही वाक्य नव्हतं. चारच मुद्दे होते. मूळ रेघ चार आणे कमी, त्याचं कारण नोंदलेलं नाही. बांधांचा फरक अ पासूनच्या अंतराच्या प्रमाणात. ८५ चं टिपण तपासलेलं नाही. दोन कब्जेदारांना नोटीस नाही. मागणी एक, वरिष्ठ सर्व्हेअरकडून सर्वांच्या हजेरीत फेरमोजणी.

भाषेबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. कचेरीचं काम कानडीत चालतं, नोटीस आणि नकाशावरचे शेरे कानडीत येतात. घटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे गाऱ्हाणं केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येतं, त्यामुळे मराठीत लिहिलेली हरकत देता येते. पण मापांचा तक्ता कानडीतही जोडला तर ती टेबलावर अडून राहत नाही. जबाबावर सही करण्याआधी तो वाचून घ्यावा, समजत नसेल तर समजून सांगायला लावावा आणि ‘वाचून दाखवला, समजला’ हे आपल्या हाताने, आपल्या भाषेत लिहून मग सही करावी. ‘मोजणी मान्य’ या दोन शब्दांवर नकळत झालेली सही नंतर फार महाग पडते.

फेरमोजणी एप्रिलात झाली. मसूर निघालेला, रान कोरडं, बांध उघडे. पहिलं काम ड शोधण्याचं. पहिल्या मोजणीच्या ड वर नव्हे, जुन्या बांधाच्या कोपऱ्यात खणलं. पावणेदोन फुटांवर पहार खणकन वाजली. दगड आडवा नव्हता, उभाच होता, माथ्यावर छिन्नीची फुली. वर बांधाची माती वर्षानुवर्षं चढत गेलेली. अ पासून माप घेतलं, १०-१०. आता हे जुळणं खरं जुळणं होतं, कारण दोन्ही दगड एकमेकांपासून स्वतंत्रपणे सापडलेले. ८३ च्या टिपणातली तीच बाजू १०-१० च.

क च्या दगडाचं माप आता दोन पक्क्या जागांवरून झालं. अ पासून १९-१२, ते माहीतच होतं. ड पासून १४ साखळ्या साडेचौदा आणे, टिपणात १५-४. साडेपाच आणे कमी. मग ८५ चं टिपण उघडलं. ८५ ची उत्तर बाजू क पासून पुढे तशीच पूर्वेकडे जाते, माप ९-८, आणि तिच्या पलीकडच्या टोकाचा दगड जागेवर. त्या दगडापासून क च्या दगडापर्यंत भरल्या ९ साखळ्या साडेतेरा आणे. साडेपाच आणे जास्त. ८४ च्या उत्तरेला जितके कमी, तितकेच ८५ च्या उत्तरेला जास्त. तिथे उभे असलेले सगळे जण एकदम गप्प झाले, कारण हे समजायला सर्व्हेअर असावं लागत नाही.

क ची मूळ जागा दोन कंसांनी काढली. अ केंद्र धरून २० साखळ्या, म्हणजे ६६० फूट, रोव्हरच्या पडद्यावर २०१.१७ मीटर. ड केंद्र धरून १५-४, म्हणजे ५०३ फूट ३ इंच, १५३.३९ मीटर. दोन कंस मिळाले ते उत्तरेच्या गाडीवाटेखालच्या मोरीच्या भिंतीत, रोवलेल्या दगडाच्या पूर्वेला ११ फूट ८ इंच. ८५ कडून ९-८ मोजलं तर त्याच भिंतीवर, अर्ध्या आण्याच्या आत.

वाट पक्की करताना कोपऱ्यावर सिमेंटच्या नळ्या टाकल्या, दगड आड आला, जेसीबीने उपटला आणि काम झाल्यावर कुणी तरी शहाण्या माणसाने तो मोरीच्या पश्चिमेला नीट उभा करून ठेवला. वाईट हेतू कुणाचाच नसावा. फेकून दिला असता तर बरं झालं असतं. नसलेला दगड सर्व्हेअरला शोधायला लावतो, चुकीच्या जागी उभा असलेला विश्वासात घेतो. बांधावर म्हशी घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्याने जबाबात सांगितलं, ‘‘सायेब, दगुड हितं नव्हता, मोरीच्या मधी व्हता.’’ तोंडी साक्ष कंसांच्या जागी चालत नाही, पण कंसांनी दाखवलेल्या जागेला तिने पुष्टी दिली, म्हणून ती महजरात घेतली.

मग अ–क रेघ २० साखळ्यांची, १३ वर १० चा लंब, ब सापडला जुन्या बांधाच्या कोपऱ्यात, एका हाताच्या आत. ब–क १२-३.

मूळ तक्रारीचं काय?

खऱ्या ब–क रेघेवर दोरी धरली तेव्हा दोन्ही टोकांना बांध रेघेवर होता. मधल्या चार साखळ्यांत तो ८४ च्या बाजूला सरकलेला, सर्वांत जास्त ३ फूट, सरासरी २. म्हणजे १३२ फूट लांब आणि २ फूट रुंद, २६४ चौरस फूट. पाव गुंठा. कोरलेला बांध असाच दिसतो, पोटात आत गेलेला. ८४ वाल्याची तक्रार खरी होती, पण ती पाव गुंठ्याची होती, आणि पहिल्या नकाशाने तिचे दोन गुंठे उलट बाजूला केले होते.

हा पाव गुंठा हद्दबस्ताच्या कागदाने परत मिळत नाही. मोजणीखातं हद्द दाखवतं, कब्जा काढून देत नाही. शेजारी राजी असेल तर त्याच दिवशी पंचांसमोर बांध मागे घेऊन महजरात तसं लिहून घ्यावं, याच्याइतका स्वस्त मार्ग नाही. राजी नसेल तर दिवाणी कोर्ट. तिथे हद्दबस्ताचा नकाशा पुरावा म्हणून चालतो, पण कोर्ट दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नियम ९ खाली कमिशनर नेमून पुन्हा मोजायला सांगू शकतं. म्हणून टिपणांच्या तिन्ही नकला जपून ठेवाव्यात. बारा वर्षांच्या उघड, विरोधी कब्जाचा मुद्दाही समोरचा काढतोच, तेव्हा बांध कधीपासून सरकला याच्या तारखा असलेले अर्ज उपयोगी पडतात. एडीएलआरचा निर्णय मान्य नसलेल्याला डीडीएलआरकडे (भूमी अभिलेखांचे उपसंचालक) अपिलाची वाट आहे.

पहाणी उताऱ्यात या सगळ्याने काही बदलत नाही आणि बदलूही नये. क्षेत्र होतं तेच राहिलं, ४ एकर २० गुंठे. फेरमोजणीनंतर ‘आमचा उतारा दुरुस्त करा’ म्हणून तलाठ्याकडे जाणारे असतात. उतारा, आकारबंद आणि टिपण यांची क्षेत्रं एकमेकांत जुळत नसतील तर तो दुरुस्तीचा वेगळा विषय. पोटहिस्से पडून पोडी (हिश्श्यांची वेगळी मोजणी) झालेली नसेल तर तोही वेगळा. हद्दबस्ताच्या अर्जात ती कामं कोंबली की तिन्ही रखडतात.

क चा नवा दगड मोरीच्या भिंतीत रोवता येत नव्हता. मूळ जागेची खूण भिंतीच्या माथ्यावर छिन्नीने फुली मारून केली आणि पश्चिमेचा फसवा दगड सर्वांदेखत उपटून काढला. महजरात त्या फुलीची तीन अंतरं लिहिली, अ पासून २०-०, ड पासून १५-४, ८५ च्या ईशान्य दगडापासून ९-८, आणि खाली पहिल्यांदाच चारही बाजूंच्या कब्जेदारांच्या सह्या.